मुन्नीबाईचे बारा दिवस

आमच्या संस्थेचा तक्ता ज्याने बनवला, तो जन्मात कधी चिखलात उतरला नसावा, असं माझं स्पष्ट मत आहे. सारस पक्ष्यांची घरटी वाचवायची तर कोणता मार्ग स्वस्त पडतो, हे शोधायला मला गोंदियाहून बिरसीच्या बाजूला पाठवलं होतं. रकाने तीन: जमीन विकत घेऊन कुंपण घालणं, बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, धानाची भरपाई देऊन ती पडीक ठेवणं, किंवा गावाने राखण करणं.

कुंजीलालकाकांच्या बांधीत, पाण्याच्या मधोमध, सारसांनी धानाची रोपं उपटून घरटं रचलं होतं. आत दोन अंडी. पहिले दोन आकडे पटकन निघाले. जमीन आणि कुंपण साडेचार लाख, भरपाई बावीस हजार.

"आणि राखणीचे किती लिहू, काका?"

"शून्य लिवा. पाहुणे आले आमच्या बांधीत. पाहुण्याचे पैसे घेतेत का कोणी?"

काकांसारखी मीही पोवार समाजाचीच पोर. पाहुणचाराचा हा ताठा मी घरी पाहतच वाढले, त्यामुळे ऐकून छाती फुगली. शून्य लिहिलंसुद्धा. पण डोक्यातला किडा वळवळलाच. राखतं कोण?

"दुर्गेशची माय बसते ना," काकांनी धुऱ्याकडे बोट दाखवलं.

धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, छत्री घेऊन त्यांच्या बायको मुन्नीबाईकाकू बसल्या होत्या. कुत्री अंडी फोडतात म्हणून उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत, गेले बारा दिवस. पिल्लं निघायला अजून अठरा दिवस होते. मी शेजारी बसून हे विचारते आहे, तोच पलीकडच्या बांधीतली रुख्मा तरातरा आली.

"काऊन वो मुन्नीबाई? तुह्या साऱ्या बांध्या आमी रोवून देल्या. आता आमचे परे म्हातारे होऊन राहिले, अन् तू पाखरं राखून राहिली?"

आमच्याकडे रोवणीत, म्हणजे धानाच्या लावणीत, बाया एकमेकींच्या शेतात राबून दिवस फेडतात. काकूंच्या अंगावर बारा दिवस चढले होते. रुख्माचे पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपं, अजून थांबले तर वाया जाणार, आणि काकू रोवायला गेल्या तर अंडी कुत्र्यांच्या तोंडी.

मी साहेबांना फोन लावून तिन्ही आकडे सांगितले. ते खूश झाले. "शून्य? मग तर प्रश्नच मिटला. तिथे पैसे द्यायचं कारणच नाही."

मला असा संताप आला की फोन बांधीत फेकावा. शून्य खोडलं. रोवणीचा बाईचा रोज अडीचशे, तीस दिवसांचे साडेसात हजार. तेवढ्या पैशांत रुख्माकडे काकूंच्या जागी मजूर लावता आला असता. आणि गंमत बघा, खरा आकडा मांडूनही हाच मार्ग सगळ्यांत स्वस्त निघत होता! मग खोटं शून्य कशाला हवं होतं?

काकांनी कागद वाचला आणि परत माझ्या हातात कोंबला. "मी सही नाई करत. गावात तोंड कसं दाखवू?"

काकू उठल्या. लुगड्याला हात पुसले, माझा पेन घेतला आणि कागद मांडीवर ठेवून सावकाश सही केली.

"बांधी तुमची व्हय," त्या काकांना म्हणाल्या, "दिवस माये होते."

काका हळूच म्हणाले, "पैसे येईस्तोवर काय? उद्या कोण बसंल?"

"तुमी बसा. मी रुख्माकडे रोवाले जातो."

दुसऱ्या दिवशी मी गोंदियात टेबलाशी बसून तोच आकडा तपासत होते. दुपारी दीडला धुऱ्यावरून काकांचा फोन आला. आवाज पार कोमेजलेला.

"बाई, राखणीचा रोज किती लिवला तुमी?"

"अडीचशे, काका."

"कमी लिवला."