सुटं तेल

गिअरपेटीच्या बुडाचा नट सुटला आणि खाली ठेवलेल्या घमेल्यात तेलाच्या आधी एक काळा, चिकट गोळा पडला. निंबा मिस्तरी मोटारीखाली उताणे पडले होते. त्यांनी तो गोळा दोन बोटांत चिरडला, नाकाशी नेला आणि हात लांब करून माझ्यापुढे धरला.

“झुलाल, वास ली देख. हाई काय शे?”

मी वाकून वास घेतला. जळक्या तेलाच्या वासाखाली काहीतरी गोडसर, आंबलेलं होतं. “केळं?” मी म्हणालो.

“केळंच. सालसकट.”

मोटारीचा मालक हिलाल शेजारीच उभा होता. त्याचा चेहरा पडला. ती टपाची जुनी अमेरिकन मोटार त्याने आठ दिवसांपूर्वी सावद्याहून आणली होती. विकणाऱ्याने गिअरपेटीत कच्ची केळी ठेचून भरली होती. केळीचा मुलूख तो, घरचाच माल! असं केलं की खराब झालेली पेटीसुद्धा शंभर-दोनशे मैल मुकी राहते आणि तोवर गिऱ्हाईक लांब गेलेलं असतं. मला हसू आलं. मिस्तरी मात्र हसले नाहीत.

“ज्यानी गाडीनं तोंड बांधं, त्याले काहीतरी झाकनं व्हतं,” ते म्हणाले. मग त्यांनी पेटीतला दांडा हाताने फिरवला, हलवून पाहिला आणि बाहेर येऊन उठून बसले. “मांगली बेअरिंग खराब शे, हिलाल. मुंबईहून मांगाडनी पडी. आठ दिन लागतीन.”

ही पंचावन्न सालच्या श्रावणातली गोष्ट. धुळ्याला आग्रा रोडवर रुपचंद शेठचं मोटारीच्या तेलाचं दुकान होतं, तिथे मी तेल मोजून द्यायचो. दुकानाच्या मागच्याच आवारात निंबा मिस्तरींचा कारखाना. कारखाना म्हणजे चार पत्रे आणि एक खड्डा. सगळे त्यांना आबा म्हणायचे. ते मूळचे धरणगावचे. वीस वर्षं जिनात सरकी काढायच्या यंत्रांना तेल देण्याचं काम केलं आणि मग मोटारींकडे वळले. जिनातली माणसं ओरडूनच बोलतात हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे आबा मोठ्याने बोलायचे याचं कुणालाच काही वाटायचं नाही.

आबांची एक रीत होती. दुरुस्ती झाली की लांब पेचकस घ्यायचा, त्याचं टोक पेटीला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. चालत्या गाडीत पुढे बसून मान कलती करायची. मग एक तर “जाऊ दे” म्हणायचं, नाही तर “सोडाव नही” म्हणायचं. तिसरं काही नाही. धुळ्यापासून शिरपुरापर्यंतचे ड्रायव्हर त्या दोन शब्दांवर चालायचे. ‘निंबा मिस्तरीनी कान लाया’ म्हटलं की वाद मिटला. मोठमोठ्या शेठ लोकांच्या गाड्यासुद्धा आबांनी महिना महिना अडवून ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत.

“आठ दिन कसं जमी, आबा?” हिलाल म्हणाला. “परवा येरूळ जानं शे. श्रावणना सोमवार. चार जनस्ले जबान दिधी शे मी.”

बारा वर्षं दुसऱ्याचा ट्रक हाकून त्याने टॅक्सी करायला ही पहिली स्वतःची गाडी घेतली होती. वेरूळची ही तिची पहिली सवारी. ती फिसकटली असती तर गावात बोभाटा झाला असता की हिलालची गाडी नुसती दारात उभी असते. मधे तोंड घालायचं काही कारण नव्हतं, पण मी घातलं.

“बेअरिंग नंतर बदलू. सध्या जाड तेल भरून भागेल.”

इथे थोडं तेलाचं सांगावं लागेल. गिअरपेटीला इंजिनचं तेल चालत नाही. तिला नव्वद नंबरचं तेल लागतं. त्याचा सीलबंद डबा मुंबईहून यायचा आणि टॅक्सीवाल्याला तो घेताना घाम फुटायचा. काही जण एरंडेल घालायचे. आणि तिसरं आमचं सुटं तेल, पिंपातलं. ट्रकांचं एकशेचाळीस नंबरचं जाड तेल आणि त्यात उकळून गाळलेलं जुनं तेल. एका डब्याच्या किमतीत ते तीन वेळा भरून झालं असतं. गार असताना ते असं घट्ट असायचं की मापातून पडता पडत नसे. तापलं की पातळ व्हायचं आणि गिअरचे दात कोरडे पडायचे. हे मला चांगलं ठाऊक होतं, सहा वर्षं मीच ते मोजून देत होतो. पण बोलणाऱ्याची माती विकते म्हणतात, आणि मला बोलायची हौस. शेठने काही मला विक म्हणून सांगितलं नव्हतं. हिलालचं काम अडलंय आणि आपण तोडगा काढला, एवढीच ती मोठेपणाची खाज.

“ते तेल माले पटत नही,” आबा म्हणाले.

“आबा, एक डाव भरी तं देखा,” हिलाल म्हणाला. “डबानं तेल ल्हेवानी ताकद नही आते.”

आबांनी बराच वेळ हात पुसले. मग म्हणाले, “भरूत. पन मी कान लाईसन देखसू. वरडनी तं सोडाव नही. मंग येरूळ नही नि काही नही.”

“कबूल,” हिलाल म्हणाला.

म्हणजे सगळा निकाल आबांच्या कानावर आला. त्या वेळी मला ते अगदी ठीक वाटलं.

दुपारी आम्ही तिघे निघालो. हिलाल गाडी चालवत होता, आबा त्याच्या शेजारी, मी मागे. सुरुवातीला गाडी छान गप्प होती. मीच मनात म्हटलं, वा रे सुटं तेल! लळिंगचा किल्ला दिसायला लागला तोवर तेल तापलं, आणि तिसऱ्या गिअरमध्ये आवाज सुरू झाला. आधी बारीक गुणगुण होती. मग तिचा हुंदक्यासारखा सूर झाला आणि तो चढत गेला. माझ्या पायाखालची फळी त्या आवाजाने झणझणत होती. हिलालने आबांकडे पाहिलं. आबा मान कलती करून, डोळे मिटून बसले होते. त्यांचा हात गिअरच्या दांड्यावर होता.

“गप व्हयनी,” ते समाधानाने म्हणाले. “आयका. काहीच नही.”

मला वाटलं, आबा चेष्टा करताहेत. पण आबा गाडीच्या बाबतीत चेष्टा करत नसत.

“हातले थोडीशी थरथर लागस,” ते पुढे म्हणाले, “पन कान काही सांगत नही. जुनी गाडी शे, एवढं चालनारच.”

तेवढ्यात मागून यष्टी आली. तिच्या ड्रायव्हरने हॉर्नवर जो हात ठेवला तो काढायला तयार नव्हता. हिलालने दचकून गाडी कडेला घेतली, मी मान वळवली. आबा तसेच समोर पाहत बसले होते. यष्टी खिडकीशेजारून गेली, तेव्हा कुठे ते चमकून बाजूला सरकले.

आबांना ऐकू येत नव्हतं. कधीपासून, कोण जाणे. समोरच्याचे ओठ पाहून ते बोलणं निभावत असावेत, आणि त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. जग हळूहळू शांत होत गेलं की माणसाला वाटतं, आपलं काम सुधारतंय.

गाडी थांबली तेव्हा हिलालने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांनीच विचारत होता. आबा खाली उतरून टायरला लाथ मारत होते. मी तेव्हा बोलायला हवं होतं. काय बोलणार होतो? आबांचा कान गेला म्हणून? ते एकदा बाहेर पडलं की त्या चार पत्र्यांखाली कोण फिरकणार होतं? आणि तेल तर मीच सुचवलेलं. मी मूग गिळून बसलो. खरं सांगायचं तर आबांची दया थोडी आली आणि स्वतःची लाज जास्त वाटली.

“जाऊ दे,” आबा म्हणाले.

रविवारी सकाळी हिलाल दुकानावर आला. सवाऱ्या गाडीत बसल्या होत्या. म्हातारा नवरा-बायको, त्यांचा मुलगा आणि सून. म्हातारीच्या मांडीवर बेलाच्या पानांची टोपली होती.

“झुलालभाऊ,” हिलाल हळूच म्हणाला, “तुम्ही बठेल व्हतात मांगे. तो आवाज... काही भ्याव नही ना?”

“आबांनी सांगितलं ना,” मी म्हणालो.

“हा. आबांनी सांगं तं मंग काय.” त्याचा चेहरा मोकळा झाला.

मी त्याला सुट्या तेलाची एक बाटली भरून दिली. पैसे नको म्हणालो. तो तीन-तीनदा नको म्हणत होता, मी जबरदस्तीने त्याच्या पायाशी ठेवली. गाडी चाळीसगावच्या रस्त्याला लागली. आवाज मला पार नाक्यापर्यंत ऐकू येत होता. नंतरचे दोन दिवस मी एकही माप धड मोजलं नाही.

मंगळवारी बातमी आली. ती आणणारा म्हाताऱ्याचा मुलगाच होता. झालं होतं ते असं. सोमवारी वेरूळचं दर्शन करून दुपारी ते परत निघाले. कन्नडच्या घाटाच्या तोंडाशी येईपर्यंत गाडी एवढी किंचाळायला लागली की आत कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना. हिलालने गाडी थांबवली, पेटीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. बाटलीतलं तेल ओतलं. मग म्हणाला, “तुम्ही पायी उतरा. मी खाले थांबस.” म्हातारी कुरकुरली, घाटात धुकं होतं, रस्ता ओला होता. पण त्याने कुणालाच बसू दिलं नाही. एकटा पुढे गेला.

“आम्ही वळणावरून आवाज ऐकत होतो,” मुलगा म्हणाला. “दोन वळणं आवाज येत होता. मग एकदम बंद झाला. आम्हाला वाटलं, बरं झालं, गाडी सुधारली.”

गिअर सुटला होता. उतारावर गिअर सुटला की नुसत्या ब्रेकवर तसली जड गाडी थांबत नाही. खाली झाडांत ती सापडली, हिलाल तिच्याखाली होता.

आबांनी ते माझ्या ओठांवरून ऐकलं. मी दोनदा सांगितलं. ते खड्ड्याच्या काठावर बसले आणि कितीतरी वेळ पान्याशी चाळा करत राहिले.

“बेअरिंग गयी व्हई,” ते शेवटी म्हणाले. “पन वरडनी नही ती. मी सोता आयकं. बिगर वरडता बेअरिंग जात नही, झुलाल. तीस वरीसमा नही देखी.” त्यांच्या बोलण्यात स्वतःला वाचवायची धडपड नव्हती. त्यांना खरंच कळत नव्हतं.

दहाव्याचं उरकल्यावर ते मला घेऊन हिलालच्या घरी गेले. मी टाळायचा प्रयत्न केला. “तू चाल. त्या दिवसले तू बी व्हता,” ते म्हणाले.

हिलालची बायको कमलबाई भिंतीला टेकून बसली होती. पदर तोंडावर ओढलेला, पदराचा बोळा तोंडाशी धरलेला. अंगणात भाऊबंद, शेजारीपाजारी, दहा-बारा माणसं असतील. सगळे हळू आवाजात बोलत होते, दुखवट्याच्या घरी बोलतात तसे. आबा तिच्यापुढे जमिनीवर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

“कमल, पोरी,” ते म्हणाले, आणि त्यांच्या त्या मोठ्या आवाजाने सगळे वळले. “माले एकच ईचारनं शे. हिलाल काही बोलना व्हता का तुले? गाडीना आवाजनं?”

ती पदराआडूनच, जेमतेम मला ऐकू येईल असं बोलली. “सांगत व्हतात ना. शनवारले जेवाले बठनात तवय. गाडी भलती वरडस म्हने. मी म्हनं, मंग नका जाऊ. तं म्हने, येडी शे का, निंबा मिस्तरीनी कान लाया शे.”

आबा तिच्या तोंडाकडे पाहत होते. पण तिथे पदर होता. त्यांनी आणखी वाकून पाहिलं, मग कानामागे हात धरला. असा हात धरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. शेवटी ते माझ्याकडे वळले.

“काय म्हननी ती?”

मी त्यांच्या कानाशी लागलो. “हिलाल म्हणत होता, गाडी ओरडते,” मी म्हणालो.

“काय?”

“गाडी ओरडते म्हणत होता. शनिवारी.”

“आयकू येत नही रे. जोरमा सांग.”

कमलबाईने पदर खाली केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी तोंड पार त्यांच्या कानाला लावलं आणि ओरडलो, “गाडी ओरडत होती, आबा!”

या वेळी त्यांना ऐकू गेलं. त्यांचा कानामागचा हात तसाच राहिला. ते माझ्या तोंडाकडे पाहू लागले, ओठांकडे, अगदी बारकाईने.

“तुले आयकू येत व्हतं?” त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

“मान नको हालवू,” ते म्हणाले. “सांग. ईले बी आयकू जाऊ दे.”

“मला ऐकू येत होतं, आबा!” मी पुन्हा ओरडून सांगितलं. शेजारच्या घरातल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.