आडातले मुखवटे

उडदाची रास यंत्रात चालली होती. मळणीयंत्राच्या आवाजात माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही, आणि रामकिसनचा फोन बांधावरच्या बाभळीला अडकवलेल्या पिशवीत होता. तो घमेली भरून देत होता. शाळेचे मुख्याध्यापक अंगद सर मोटारसायकल बांधाला उभी करून वावरात उतरले, तेव्हा त्याला वाटलं, हे शाळा सोडून इकडं कुठं? सरांचे बूट चिखलात रुतत होते तरी ते खाली बघत नव्हते. यंत्रवाल्यानं कुणी न सांगता यंत्र बंद केलं. तेव्हाच रामकिसनला कळायला हवं होतं. भाड्याचं यंत्र कुणी उगीच बंद करत नाही.

"घरी चला, रामकिसनराव."

"एवढी रास होऊ द्या की सर. आभाळ आलंय."

"रास राहू द्या."

"घरी कुणी न्हाई, सर. मॅडम तुमची बीडला गेली."

"तिथूनच फोन आलाय," सर म्हणाले.

बाकी सगळ्यांना आधीच कळलं होतं. मळणीवरच्या बाया तोंडाला पदर लावून उभ्या होत्या आणि एकीचीही त्याच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती.

त्याची बायको सत्यशीला सकाळच्या एस्टीनं बीडला गेली होती, शाळेतल्या पोरांसाठी रंग आणायला. दुकानाच्या पायरीवर बसली, डोकं दुखतंय म्हणाली, पाणी मागितलं. दुकानदारानं तांब्या भरून आणला तोवर ती कलंडली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूतली नस फुटली. मुळातच कच्ची असणार, कधीही फुटली असती.

ती गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकला शिकवायची. कायम नोकरी नव्हती, वर्षावर्षाच्या आदेशावर चाललं होतं, पण तिचा तास म्हणजे पोरांना जत्रा. ती फुलदाणी आणि केळी काढायला लावत नसे. एकेक देश घ्यायची. जपानचे कागदी मासे केले, तेव्हा शाळेच्या झेंड्याच्या दोन्ही बाजूंना दोऱ्यांवर मासे फडफडत होते. ऑस्ट्रेलियातल्या मूळच्या लोकांसारखी नुसत्या ठिपक्यांची चित्रं केली, तेव्हा निम्म्या गावाच्या काडेपेट्या संपल्या, कारण ठिपके काडीच्या गुलानं द्यायचे होते. गावातली माणसं टोमणे मारायची, "बाई, पोरास्नी आधी पाढे शिकवा." ती म्हणायची, "पाढे सर शिकवतेत. मी तुमच्या पोराला बिनतिकिटाचं गावाबाहेर फिरवून आणते."

रामकिसननं ह्यात कधी लक्ष घातलं नव्हतं. त्याला आपलं वावर भलं. चहा पिताना ती काही दाखवायची, तो "चांगलं हाय" म्हणायचा आणि उठायचा.

ह्यावेळी देश होता माली, आफ्रिकेतला. तिकडं पेरणीच्या, सुगीच्या दिवसांत मुखवटे घालून नाचतात, म्हणून पोरं मुखवटे करत होती. रद्दी भिजवून, कुटून, त्यात मेथीचं पीठ घालून लगदा केला होता. आपल्याकडच्या म्हाताऱ्या टोपल्यांसाठी करतात तोच. पालथ्या मडक्यांवर लगदा थापून पोरांनी लांबोडी तोंडं केली होती. शाळेच्या वर्गात उंदीर, म्हणून ती सत्यशीलानं आपल्या पडवीत खाटेवर वाळत घातली होती. ती गेली त्या दिवशी ती तोंडं खाटेवरच होती.

रामकिसनची थोरली बहीण बायनाबाई युसूफ वडगावहून आली, ती तेराव्यापर्यंत राहिली. घर तिनंच सांभाळलं, आल्या-गेल्याचं तिनंच बघितलं, त्याला दोन घास तिनंच खायला लावले. पण पडवीतल्या त्या तोंडांकडे ती पहिल्या दिवसापासून पाठ करून बसायची. दहाव्याला पुरुष माणसं नदीवर गेली, तेव्हा तिनं मुखवटे पोत्यात भरले, पोत्यात एक धोंडा टाकला आणि मारुतीमागच्या जुन्या आडात सोडून दिले. तिथं आता कुणी पाणी भरत नव्हतं.

तेरावं झाल्यावर अंगद सर घरी आले. बराच वेळ उडदाच्या भावाचं बोलले. मग म्हणाले, "पोरांचे ते मुखवटे असतील तर न्यावेत म्हणतो."

रामकिसन पडवीत गेला. खाट रिकामी होती.

"आडात टाकले," बायनाबाई चुलीपासून म्हणाली. "अन् लई बरं केलं. मढं घरात यायच्या आधी ती काळतोंडी घरात येऊन बसलती."

सर उठले. जाताना रामकिसन त्यांना वेशीपर्यंत पोचवायला गेला, तेव्हा सरांनी खरं काय ते सांगितलं. मुखवट्यांनी बाई खाल्ली, असं गावात बोललं जात होतं. चित्रकलेच्या तासाला पोरं बसत नव्हती. त्याचंही काही नाही, तो तास गणिताला देता येईल. पण सातवीतली योगिता शाळेतच येत नव्हती.

"कावून?"

"मॅडम तिला म्हणाल्या होत्या, तुझा मुखवटा सगळ्यांत भारी झालाय, ह्याला चांगला काळा रंग पाहिजे, मी बीडहून आणते. पोरगी म्हणते, मी केलेल्या तोंडानं मॅडमला मारलं. आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणार. दरवर्षी ती आजीजवळ राहायची, शाळेसाठी. आता म्हणते, मी कारखान्याला येते. एकदा गेली की ती परत शाळेत येत नसते, रामकिसनराव. आपण बघितलंय."

रामकिसन त्या रात्री जेवला नाही, असं काही झालं नाही. तो जेवला. जेवता जेवता त्याचं ठरलं. सत्यशीला गेली ती गेली, तिला कुणी आणू शकत नव्हतं. पण तिच्या मागं एक लेकरू आपण खुनी आहोत असं धरून ऊसतोडीच्या झोपडीत, कोपीत, जाऊन बसणार, हे तो होऊ देणार नव्हता.

सकाळी त्यानं बहिणीला विचारलं, "अक्का, तुझ्या घरी धान्याच्या कोठीवर पेटी हाय. तिच्यात काय हाय?"

"काय असंल? लक्ष्म्यांची तोंडं."

"वर्षभर पेटीत दोन तोंडं ठेवून तू त्याच खोलीत निजतीस. त्यांनी कुणाला खाल्लं?"

"जीभ झडंल तुझी. त्या महालक्ष्म्या हायत. दोन सांजा बसवतो, पुरणाचा निवद दावतो."

"ही बी कुणाची तरी असतील. सत्यशीला पोरास्नी हात धुतल्याबिगर शिवू देत नव्हती."

"कुणाची तरी असू देत की. आपली न्हाईत. आपलं माणूस गेलं ना?" आणि ती रडू लागली. ती सत्यशीलावर जीव टाकायची, तिचं रडणं खोटं नव्हतं.  पण रामकिसननं पडवीतला दोर खांद्यावर टाकला आणि शेजाऱ्याकडून गळ मागून आणला. बादली आडात पडली की काढायचा, चार आकड्यांचा लोखंडी गळ.

"कुठं चाललास?"

"आडावर."

बायनाबाईनं त्याच दिवशी पिशवी भरली आणि वडगावची गाडी धरली.

आडावर बघे जमले. मारुतीच्या पारावर बसणारा परमेश्वर, म्हणजे योगिताचा बाप, सगळ्यांच्या पुढं होता. तो लांबूनच रामकिसनला म्हणाला, "नाना, टाकलेलं काढू नये."

"लेकरांचं हाय. त्यांना विचारून टाकलं का?"

"आन् काढून काय करणार?"

"आधी निघू तर दे."

गळ पाण्यात फिरवता फिरवता दुपार झाली. एकदा जुनी चप्पल निघाली, एकदा कुणाचा तरी पितळी तांब्या, त्याच्यावर दोघांनी हक्क सांगितला आणि तिथंच जुंपली. रामकिसन दोर सोडत राहिला. शेवटी पोतं गळाला लागलं, तेव्हा परमेश्वरच पुढं झाला आणि दोराला हात लावला, कारण ओलं पोतं एकट्याला ओढत नव्हतं.

पोतं उपडं केलं. आत एकही तोंड नव्हतं. पाण्यानं सगळं विरघळून एकच गोळा झाला होता, करडा, चिकट, आणि मेथी कुजल्याचा असा वास की पारावरचं कुत्रंसुद्धा उठून गेलं.

"झालं समाधान?" कुणीतरी म्हणालं.

रामकिसननं गोळ्यात हात घातला, बोटांनी चोळून बघितला. त्याची आई असल्याच लगद्याच्या टोपल्या करायची. जुनी टोपली फुटली की भिजवून, कुटून त्याचीच नवी थापायची. त्याला लहानपणी कुटायला बसवायची, तेवढंच त्याला ह्यातलं कळत होतं.

"कामाचा हाय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चित्रकलेच्या तासाला तो शाळेत गेला. सरांनी वर्ग दिला, आणि पालक आले तर मी बघतो म्हणाले. लगदा त्यानं चुन्याच्या निवळीत धुऊन पिळून आणला होता, तरी पोरांनी नाकं दाबली. फळ्यापुढं उभं राहिल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपल्याला बोलायचं काय ते माहीत नाही. बैलापुढं बोलायला सोपं जातं.

"आपल्याला आफ्रिका देशाचे मुखवटे करायचेत," तो म्हणाला.

मागून एक पोरगी म्हणाली, "नाना, आफ्रिका देश न्हाई. खंड हाय."

"मंग देश कोणता?"

"माली," चार-पाच जणं एकदम बोलली, आणि कुणीतरी हसलं.

"मला तुमच्या मॅडमनं शिकवलंच न्हाई की," रामकिसन म्हणाला. "तुमालाच शिकवलं. आता तुमी मला सांगा, म्या कुटतो."

पोरांनी सांगितलं. आधी हात धुवा. मडक्याला तेल लावा, न्हाई तर चिकटतं. नाक लांब ठेवा. अर्धवट वाळलं की डोळे पाडायचे, पूर्ण वाळलं की पडत न्हाईत. एकजण म्हणाला, "नाना, हे नाक न्हाई, वांगं झालं." वर्गात दोन आठवड्यांत कुणी एवढं हसलं नव्हतं. पण सगळी बसली नाहीत. काही पोरं भिंतीला टेकून लांब उभी राहिली, आणि त्यांना त्यानं बोलावलं नाही.

संध्याकाळी तो लगद्याची पाटी घेऊन योगिताच्या घरी गेला. तिची आजी भिवराबाई दारात शेंगा फोडत होती. परमेश्वर घरात नव्हता, किंवा होता आणि बाहेर आला नाही.

"मावशी, जरा बसू का?"

"बस की बाबा. पोरगी आत हाय. माझं बी ऐकत न्हाई."

त्यानं पाटी ओट्यावर ठेवली आणि लगदा मळत बसला. भिवराबाई शेंगा फोडत राहिली. मग दाराच्या आडून आवाज आला.

"नाना, रंग आणायला गेल्या होत्या ना मॅडम?"

"गेलती."

"माझ्याच मुखवट्याचा."

"तुझ्याच. माशांच्या वक्ताला कागद आणायला गेलती, तवा आली. ठिपक्यांच्या वक्ताला गेलती, तवा बी आली. डोक्यात नस कच्ची होती. घरी चुलीपुढं असती तरी फुटली असती, असं डॉक्टर म्हणला."

"खरं?"

"मला कशाला खोटं बोलंल तो?"

 मग रामकिसननं होतं तेच सांगितलं. "तू रंग मागितलास. म्या तिला गाडीवर बसवून एस्टीपर्यंत सोडलं. अंगद सरांनी रजा दिली. ड्रायव्हरनं बीडला नेलं. सगळ्यांनीच मारलं म्हण की मंग. मला बी धर."

"तुमी कशाला माराल?" योगिता म्हणाली. आता ती उंबऱ्यात आली होती.

"तेच म्हणतोय म्या."

ती ओट्यावर बसली नाही. उंबऱ्यातूनच पाटीत बघितलं. "ह्याच्यात माझा बी हाय?"

"सगळ्यांचे एकत्र झालेत. कोणता कुणाचा, आता देवाला ठाऊक."

"लई घाण वास येतोय."

"सकाळपासून ऐकतोय," रामकिसन म्हणाला.

भिवराबाईनं उठून आतून एक मडकं आणून पालथं ठेवलं आणि पुन्हा शेंगांना बसली. योगितानं हात धुतले. मडक्याला तेल लावलं. तिची बोटं लगद्यावर भराभर चालली, रामकिसनला त्यातलं अर्धंही जमलं नसतं. कपाळ, गाल, लांब नाक. मध्येच ती थांबली आणि डोळे पुसले, तेही मनगटानं, हाताला लगदा होता म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली.

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, शेळ्या, लेकरं बसली. परमेश्वर गेला, त्याची बायको गेली, योगिता भिवराबाईजवळ राहिली. जाताना परमेश्वर रामकिसनजवळ थांबला. "तिच्यावर ध्यान ठेव, नाना," एवढंच म्हणाला. गाव अजून बोलतंच, आणि वर्गातली चार पोरं अजून भिंतीलाच टेकून उभी असतात. रामकिसन दर आठवड्याला तासाला जातो. सरांनी वरच्या ऑफिसला नव्या शिक्षिकेची मागणी केली आहे, ती येईपर्यंत तो जाणार आहे. पुढचा देश कोणता, हे तो पोरांनाच विचारतो आणि घरी येऊन सत्यशीलाच्या पुस्तकांतली चित्रं बघतो. पूर्वी चहा पिताना बघितली असती तर बरं झालं असतं, पण आता बघतो.

मुखवटे वर्गाच्या भिंतीवर लागले आहेत. योगिताचा सगळ्यांत भारी झाला आहे, ह्यात कुणाचं दुमत नाही. तो अर्धवट वाळला होता तेव्हा तिनं डोळे पाडायला सुरी हातात घेतली, "बघायला लागलं तर?" एवढंच म्हणाली आणि सुरी खाली ठेवली. कुणी दुसऱ्यानं करून दिलेलं तिला चालत नाही. आता तो दगडासारखा वाळला आहे, आणि त्याचे डोळे पाडायचे राहिले आहेत.