यादीतली पहिली

साथीमुळे प्राणिसंग्रहालयाचं फाटक बंद होऊन पाच महिने झाले, तेव्हा कुठे सरकारने मदतीचा अर्ज पाठवला. त्यात एक रकाना होता: मदत न मिळाल्यास कोणते प्राणी मारावे लागतील ते क्रमाने लिहा. असला रकाना आखणाऱ्याचे हात झडोत.

मी तिथला कारकून. पहिल्या ओळीत मी शेळ्या लिहिल्या. माझे भाऊजी अस्वलांचे राखणदार, ते मागे उभे राहून वाचत होते.

"शेळ्यांसाठी कोण रडतंय? खुशाल मारा म्हणतील," ते म्हणाले. "वर थोरलीला घाल. फोटो लाव तिचा. दगडालाही पाझर फुटेल."

थोरली म्हणजे म्हातारी अस्वलीण. आईने टाकलेलं ते पिल्लू ताईने घरी बाटलीने वाढवलं होतं, म्हणून घरात ती थोरली आणि माझ्या दोन्ही भाच्या धाकट्या. मला भाऊजींची अक्कल पटली. थोरली एक नंबरवर गेली, शेळ्या शेवटी.

सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. उत्तर अठरा दिवसांत आलं. निम्मी मदत मंजूर. बाकीच्यासाठी संस्थेने स्वतःच ठरवलेल्या क्रमाने प्राणी कमी करावेत, तसा अहवाल आला की पैसे सुटतील. फोटो तेवढा परत आला होता, टाचणीसकट.

हात दाखवून अवलक्षण. भाऊजी आमच्या साहेबांकडे गेले, क्रम बदला म्हणाले.

"आता बदलला तर आधी खोटं लिहिलं असं होईल," साहेब म्हणाले. "मग शेळ्याही जातील आणि तुम्हीही."

डॉक्टरीणबाई आल्या. थोरली आतल्या कोठडीतून हलेना. परक्याच्या हाकेला ती कधीच येत नसे. सगळे भाऊजींकडे बघायला लागले. मीसुद्धा बघितलं, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

त्यांनी बादली वाजवली. थोरली डुलत डुलत आली आणि खांदा गजांना लावून उभी राहिली. लस टोचून घ्यायला त्यांनीच तिला तसं शिकवलं होतं, दोन वर्षं खपून. सुई टोचली की पाव, असा दोघांचा करार होता.

सुई टोचली. तिने तोंड उघडलं. भाऊजींनी पाव दिला. तो तिच्या तोंडातच राहिला.

संध्याकाळी ताईने विचारलं, "आज खाल्लं का तिने काही?"

भाऊजी म्हणाले, "पाव घेतला."