काळ्या बाटलीचं बूड

कमलनगरच्या भगवानरावांना जुन्या काळ्या बाटल्यांचं वेड होतं, आणि निर्ण्याचे त्यांचे मेहुणे आप्पाराव त्यांच्याहून चार पावलं पुढे. निजामाच्या रेल्वेचा भराव टाकताना गोऱ्या पलटणीचा जुना उकिरडा उकरला गेला, तेव्हापासून दोघंही कामातून गेले. दिसायला काळी ती काच उन्हात धरली की हिरवी निघायची. बाकीचे लोक त्या बाटल्यांत घासलेट भरत; हे दोघे त्या उलट्या करून बूड चाचपत. नव्या बाटलीचं बूड गुळगुळीत. तोंडानं फुंकलेल्या, खऱ्या जुन्या बाटलीच्या बुडाला मात्र लोखंडी सळईवरून तोडल्याची खरबरीत खूण.

दिवाळीत पैज लागली. पुढच्या भेटीत ज्याची बाटली जुनी ठरेल, त्यानं दुसऱ्याची लाडकी बाटली घेऊन जायची. भगवानरावांची लाडकी म्हणजे कांद्यासारखी गरगरीत बुटकी; तिला ते 'कांदा'च म्हणत. ती जाईल या धास्तीनं त्यांना घास गोड लागेना.

"बाटली जायलीय, लेक न्हाई," सत्यभामाबाई नवऱ्याला म्हणाल्या. भगवानरावांना ते पटलं नाही.

अशात इरप्पा धनगर मेंढीच्या घशात लांब मानेच्या काळ्या बाटलीनं औषध ओतताना त्यांना दिसला. बूड चाचपलं तर बोटाला रक्त आलं. भगवानरावांना स्वतःच्या लग्नातसुद्धा एवढा आनंद झाला नव्हता.

"न्या की अण्णा," इरप्पा म्हणाला. "आमाला बांबूची नळी बी चालतंय. घरची आणून देईल."

इरप्पाची बायको म्हाळसा बाटली घेऊन आली, तेव्हा आप्पाराव आपली पैजेची बाटली पुढ्यात मांडून ओसरीवर बसले होते. बाटली राखेनं लखलखीत घासलेली, आत मूठभर ज्वारी. भांडं कुणाच्या घरी रिकामं द्यायचं नाही. भगवानरावांनी ती ऐटीत मेहुण्यापुढे धरली. आप्पारावांनी बुडावरून अंगठा फिरवला.

"दाजी, ही तर कालची हाय."

बूड तळहातासारखं गुळगुळीत होतं. भगवानरावांनी स्वतः बोट फिरवलं. त्यांनी म्हाळसाकडे पाहिलं. तिचे तळवे सोलवटले होते आणि चेहरा कौतुकाची वाट बघत होता.

"बरी झाली ना, अण्णा?"

खरं सांगितलं असतं तर कांदा वाचला असता. भगवानरावांचा जीव तुटला.

"झकास झाली," ते म्हणाले, आणि फळीवरून लाडका कांदा काढून त्यांनी मेहुण्याच्या हाती दिला.

म्हाळसाला त्याचं खरबरीत बूड दिसलं. "पावण्याला असली टोचरी द्यायलाव? खोट असलेलं भांडं दुसऱ्याच्या घरी देऊ नये. आणा हिकडं. ती पाट्यावर घासली तशी ही बी घासून देते."

आप्पारावांनी कांदा छातीशी धरला. मग त्यांनी तिचे तळवे पाहिले, मग दाजींचा चेहरा.

"बोलला कामून न्हाईत?"

"बाई समोर हाय," भगवानराव हळूच म्हणाले.

आप्पारावांनी कांदा फळीवर जागच्या जागी ठेवला. पिशवीतून स्वतःची लाडकी चौकोनी बाटली काढली आणि म्हाळसाकडे पाठ करून, बूड तळव्याखाली नीट झाकून, दाजींच्या हाती दिली.