सुंदराची भूक

माझ्या बायकोची भूक एका इंजेक्शनने पळवली आणि मला त्या इंजेक्शनचा राग आला, हे आधीच सांगून टाकतो. मी धुडकू, तीस वर्षं कापडाच्या लूमवर काढलेला माणूस. आमच्या संसारात गोड बोलणं कमीच. कामावरून आलो की सुंदरा ताटं वाढायची आणि आम्ही समोरासमोर बसून जेवायचो. ती माझ्यापेक्षा एक भाकरी जास्त खायची, मी तिला खादाड म्हणून चिडवायचो. आमचं प्रेम म्हणाल तर एवढंच.

पण तिचे गुडघे गेले. सुरतेत दिंडोलीतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरून तिला खाली उतरवेना. संडासला जातानाही सून योगिता हात द्यायची. हाडांचे डॉक्टर म्हणाले, एकशे दोन किलोवर ऑपरेशन करणार नाही, नव्वदवर आणा, दिवाळीनंतरची तारीख देतो. उपास झाले, लिंबूपाणी झालं, शेजारणींचे उपदेश झाले. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा टोचायचं इंजेक्शन लिहून दिलं. यंदा ते स्वस्त झालंय, असं आमचा मुलगा चेतन पर्वत पाटियाच्या कापड मार्केटात ऐकून आला होता.

दर रविवारी योगिता तिच्या पोटाला सुई टोचायची. आधी मळमळ झाली, मग तीही कमी झाली. महिन्याभरात सुंदरा अर्ध्या भाकरीवर आली. एकदा ताट बाजूला सरकवून ती म्हणाली, "माले आते भूकच लागत नही. डोकं कसं शांत शे."

दिवसभर, भांडी घासताना, देवाला दिवा लावताना, तिच्या डोक्यात खाण्याचेच विचार चालायचे, हे मला लग्नाच्या पस्तीस वर्षांनी पहिल्यांदा कळलं. मला फार लाज वाटली.

श्रावणात काटा त्र्याण्णववर आला. ती कठडा धरून एकटीने जिना उतरली आणि खालून मला हाक मारली. त्या दिवशी मी त्या सुईला मनातल्या मनात हात जोडले.

मग आमची देवी कानबाई आली. सुरतेत येऊन इतकी वर्षं झाली तरी आम्ही खानदेशी लोक कानबाईचे रोट चुकवत नाही. घरच्या माणसांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू घ्यायचे, त्यांचे रोट करायचे आणि घरच्यांनीच ते संपवायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे तर नाहीतच. सुंदरा दोन घासांत थांबली.

चेतन अर्धवट गुजरातीत म्हणाला, "दादा, जवा दो ने, जाऊ द्या. मी खाई लेस."

मीच नडलो. म्हटलं, "कानबाईना रोट शे. तिना वाटा तीच खाई."

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सगळा वाटा संपवला.

तिसऱ्या दिवशी तिच्या पोटात असं दुखायला लागलं की ती गुडघे विसरली. सहा दिवस दवाखान्यात काढले. स्वादुपिंडाला सूज आहे, हे इंजेक्शन आता पुन्हा कधीच नाही, जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं. मी त्यांना रोटाचं सगळं सांगितलं आणि माझ्यामुळे झालं म्हटलं.

"नाही काका," ते म्हणाले, "रोटाने नाही. या औषधाने क्वचित कुणाला असं होतं. यात कोणाचाच दोष नाही."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण आता राग काढायला, भांडायला कोणी उरलंच नाही. आणि डॉक्टरांच्या बोलण्यावर माझा अजून विश्वास बसलेला नाही.

तीन-चार आठवड्यांत भूक परत आली. सत्त्याण्णव, मग नव्याण्णव. दुसरं औषध विचारलं तर त्याच जातीचं नको, चालायला लावा, असं डॉक्टर म्हणाले. चालायला गुडघे हवेत आणि गुडघ्यांसाठी चालायला हवं. दिवाळी झाली, ऑपरेशनची तारीख गेली. तेव्हा सुंदराने स्वतःच भाकरीचा डबा कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"मी रडनू तरी देऊ नका," ती म्हणाली.

काल दुपारी जेवून तास झाला नसेल. चेतन आणि योगिता कामावर होते. सुंदरा माझ्यासमोर येऊन बसली.

"तेवढी सुई टोची द्या ना. फ्रिजमा शे."

अर्धं वापरलेलं ते इंजेक्शनचं पेन फ्रिजच्या दारात तसंच पडून होतं. फेकायचा कोणाला धीर झाला नव्हता. मी नाही म्हणालो.

"मंग किल्ली द्या."

मी खिशातली किल्ली मुठीत धरली. ती ओरडली नाही. तिच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहायला लागलं.

"पोट भरेल शे, तरी भूक लागनी. मी काय करू, सांगा ना."

लूमवर धागा तुटला तर मी न बघता जोडायचो. इथे काय करायचं ते मला कळेना. मी उठलो. आधी ते पेन काढून कचऱ्यात टाकलं. मग कपाट उघडलं, भाकरी आणि ठेचा तिच्यापुढे ठेवला आणि पूर्वीसारखा समोर बसलो.

तिने खाली मान घालून भाकरी संपवली. पदराला हात पुसले.

"तुमले बी नही जमनं ना," ती म्हणाली.

"नही जमनं."

तिने ताट पुढे केलं आणि मी दुसरी भाकरी वाढली.