अमीरबीची चौकशी

गडहिंग्लजहून अमीरबी कोल्हापुरात भावाकडे आली, तेव्हा तिचा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. नवरा ख्वाजा बांगड्यांचा व्यापारी, चारचौघांत गोड बोलणारा, घरात मात्र निराळाच; मारायच्या आधी दाराला कडी लावायचा. काझीसमोर तलाक झाला, त्यालाही आता तीन वर्षं उलटली होती. भाऊ कुतुबुद्दीन पिंजारी. दिवसभर ती त्याच्या दुकानात कापूस पिंजायची, नाकातोंडात तंतू जायचे. रात्री भावजय ताट वाढताना काही बोलायची नाही, पण तिचं न बोलणंही अमीरबीला ऐकू यायचं.

अशात गैबीचं स्थळ आलं. तो महाराजांच्या पागेत घोड्यांना नाल ठोकायचा. बायको प्लेगात गेलेली. माणूस भला आहे, असं जो तो सांगत होता. ख्वाजाबद्दलही जो तो हेच सांगत होता.

अमीरबी हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. बाजारच्या बैलगाडीत बसून ती कागलला गेली, गैबीच्या पहिल्या बायकोच्या आईकडे. फातिमाखाला लसूण सोलत बसली होती. अमीरबीने सरळच विचारलं, तुमच्या पोरीला तो मारायचा का?

म्हातारीने हातातला लसूण खाली ठेवला.

"हात न्हाय उचलला कधी. पर घुमा हाय. रागावला की दोन-दोन दिस बोलायचा न्हाय. पोरगी रडायची त्यापायी." मग म्हणाली, "तिच्या लग्नात आमी कुणाला इचारायला गेलतो न्हाय. तू आलीस, बरं केलंस."

परतताना अमीरबीला हायसं वाटलं नाही. दोन दिवसांचा अबोला आपल्याला सुखासारखा वाटावा, याचंच तिला वाईट वाटत राहिलं.

गैबी भेटायला आला तेव्हा कागलला जाऊन आल्याचं तिनंच सांगितलं. त्यानं मान खाली घातली. फातिमाखालानं सांगितलं ते खरंच असणार, एवढंच म्हणाला.

"दमलोय मी," ती म्हणाली. "हसणं-बोलणं मला लगीच जमायचं न्हाय."

"मला घाई न्हाय. एकट्यानं जेवायचा कंटाळा आलाय, दुसरं काय न्हाय."

तेवढ्यावर ठरलं. ईद झाली आणि निकाह लागला.

कितीतरी महिने ती दाराशीच बसून जेवायची. गैबीनं कारण विचारलं नाही. थंडीत एकदा म्हणाला, वारं लागतंय, आत सरक. ती सरकली नाही. तेव्हा त्यानं उठून दार नुसतं लोटलं, कडी लावली नाही, आणि पुन्हा जेवायला बसला.