वहीच्या पाठीतलं प्रमाणपत्र

कोर्टाबाहेरच्या त्या टायपिस्टकडे जगातले सगळे कागद एकाच ठिकाणी हरवायचे: बसमध्ये. मसुदा तयारच असायचा. नाव बदललं, पत्ता बदलला, की काढला कागद!

"'प्रवासात गहाळ झाले, कसून शोध घेऊनही सापडले नाही.' बरोबर ना, ताई?"

"बरोबर," मुलगी म्हणाली. "माझाच वेंधळेपणा, दुसरं काय!"

शेजारी बाकावर तिचा म्हातारा बाप बसला होता. प्रमाणपत्र बसमध्ये हरवलंच नव्हतं. त्यानेच स्वतःच्या हाताने ते कापलं होतं.

झालं होतं असं. मुलगी नर्स. मूल लहान म्हणून आठ वर्षं घरी होती, आता कुठे एका मोठ्या इस्पितळात तिची निवड झाली होती. नर्स म्हणून नोंदणी झाल्याचं प्रमाणपत्र तेवढं दाखवायचं होतं. फाइलचा पुठ्ठा निघाला म्हणून ती फाइल घेऊन बापाच्या दुकानात आली. बाप बुकबाइंडर. त्याने पुठ्ठा बसवून दिला, चहा पाजला, पाठवणी केली. त्या गडबडीत प्रमाणपत्र सटकून टेबलावरच्या रद्दीत पडलं. आणि रद्दीत जाड कागद दिसला की याचे हात थांबतात होय? पट्ट्या कापायच्या, खळ लावायची आणि जाडजूड वह्यांच्या पाठीला आतून चिकटवायच्या, म्हणजे शिवण पक्की बसते. चाळीस वर्षं हेच केलेलं. कागदावर काय लिहिलंय हे बघतो कोण! जाडी बोटांना कळली की झालं. वह्या गेल्या कुठल्या कुठे. चार दिवसांनी दुकान झाडताना एक उरलेली पट्टी हाती आली. तिच्यावर मुलीचं अर्धं नाव होतं.

तेव्हाच सांगून टाकायचं की नाही? पण नाही! मुलगी बस डेपोत खेटे घालत होती, कंडक्टरांच्या विनवण्या करत होती, स्वतःला शिव्या देत होती, आणि हा मूग गिळून गप्प. माझ्या बाबांच्या हातून कधी एक पान इकडचं तिकडे झालं नाही, असं ती चारचौघांत सांगायची ना! मग तिला तोंड कसं दाखवायचं? आज सांगू, उद्या सांगू करता करता तीन आठवडे गेले. आज शेवटचा दिवस होता. प्रतिज्ञापत्र दीडच्या आत नोंदणी कार्यालयाच्या खिडकीवर दिलं तरच दुसरी प्रत मिळणार होती. नाहीतर नोकरी हातची जाणार होती.

कागद निघाला. शपथ देणाऱ्या बाईंच्या खोलीत दोघं गेली.

"वाचलंत? सगळं खरं आहे?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "खोटं निघालं तर गुन्हा होतो हं."

"खरं आहे," असं म्हणत मुलीने शपथेसाठी हात वर केला.

त्या हाताकडे बघून बापाचा जीव कळवळला. आपली अब्रू राहावी म्हणून पोर शपथेवर खोटं बोलणार, आणि तिला बिचारीला त्याचा पत्ताही नाही!

"थांबा," तो म्हणाला. "ते हरवलं नाही. मी कापलं."

त्याने खिशातून ती पट्टी काढून टेबलावर ठेवली आणि अडखळत सगळं सांगितलं.

"तीन आठवडे, बाबा? वर रोज मलाच विचारायचात, काही सापडलं का म्हणून!"

"लाज वाटली गं मला. चुकलो." जन्मात कधी तो मुलीला असं म्हणाला नव्हता. तिचे डोळे भरून आले. रागाने की कशाने, तिचं तिलाच कळेना.

"भांडण घरी," बाई म्हणाल्या. "बारा वाजून गेलेत. हा कागद रद्द. ताईंचं नव्याने करा, काकांचं वेगळं करा, आणि ही पट्टी त्याला जोडा. निदान पुरावा तरी आहे. बसमध्ये हरवलं म्हणणाऱ्यांकडे तोही नसतो."

टायपिस्टची भंबेरी उडाली. बस नसलेला मसुदा त्याच्याकडे होता कुठे?

"सांगा काका, सावकाश."

काकांनी सांगितलं. न बघता कापलं, वह्यांच्या पाठीला लावलं, सगळं.

"झालं?"

"अजून एक ओळ. यात माझ्या मुलीची काही चूक नाही. तिची चूक आहे असं मी तिला तीन आठवडे वाटू दिलं."

"काका, कायद्याला याची गरज नाही."

"मला आहे. टाक."

बाईंनी दोन्ही कागद वाचले. त्या शेवटच्या ओळीवर त्यांचं पेन क्षणभर थांबलं. खोडतात की काय! पण त्यांनी फक्त विचारलं, "हेही शपथेवर?"

"हो. हे तर आधी."

त्यांनी शिक्का मारला.

बाहेर येऊन मुलीने ती ओळ वाचली. परत वाचली.

"घरी गेल्यावर मी चांगली भांडणार आहे तुमच्याशी."

"भांड."

"सोडणार नाही."

"नको सोडूस."

तिने त्याचा हात घट्ट धरला. "आता पाय उचला, बाबा!"

एक वाजून बावीस मिनिटांनी दोघं धापा टाकत खिडकीशी पोचली. कारकुनाने वर न बघताच विचारलं, "कुठे हरवलं? बसमध्ये?"

"हरवलं नाही," मुलगी म्हणाली. "माझ्या बाबांच्या हातून कापलं गेलं. त्यांनी स्वतः येऊन तसं सांगितलंय." आणि तिने बापाचा कागद आपल्या कागदाच्या वर ठेवला.